अर्थहीन घरातले गाणे

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक सोज्वळ संकेत आहे. पण लाडू-करंज्यांच्या ताटातही तिखट शेवेला मानाची जागा असतेच. त्या न्यायाने मी आज एक वाद मांडणार आहे. तो राजकारणाचा नाही. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा तर नाहीच नाही. वाद आहे घरातल्या विजेच्या तारांचा आणि घरातल्या गाण्याचा. भिंतीतली वायर चांगली असली म्हणजे गाणे अधिक गोड लागते काय, एवढाच प्रश्न. पण ह्या एवढ्याशा प्रश्नावरून चांगली चांगली शेजारधर्म पाळणारी माणसे एकमेकांकडची वाटी-दोन वाटी साखर बंद करू लागली आहेत.

आमचा हेंद्रेपाडा ही बदलापूर पश्चिमेची वस्ती. इथला नोकरदार माणूस मुंबईला जाऊन येण्यात रोजचे तीन तास लोकलमध्ये घालवतो, आणि त्यातले बरेचसे उभ्याने. रात्री जेवण आटोपल्यावर त्याला जो एक तास मिळतो, तोच काय तो त्याच्या मालकीचा. त्या तासात त्याने भीमसेन जोशी ऐकावेत, किशोरी आमोणकर ऐकाव्यात की लता मंगेशकर ऐकावी, हा त्याचा प्रश्न. पण त्या तासात त्याची फसवणूक होऊ नये, हा माझा प्रश्न आहे.

ह्या वस्तीत सध्या दोन तट पडले आहेत. पहिला तारभक्तांचा. मनगटाएवढी जाड, सापासारखी कात ल्यालेली दीड मीटरची एक वायर पंधरा-वीस हजारांना आणावयाची, ती ॲम्प्लिफायरच्या पाठीत खोचावयाची, आणि मग डोळे मिटून म्हणावयाचे, "अहाहा! तंबोरा बघा कसा मोकळा झाला!" दुसरा तट तारनास्तिकांचा. वीज म्हणजे वीज, ती कोणत्याही तारेतून आली तरी गाण्याला त्याचे सोयरसुतक नाही, बाकी सारे कानाचे चोचले, असे ह्यांचे तत्त्वज्ञान. हे सांगत असताना त्यांच्या स्पीकरमधून अखंड "घूंऽऽ" चाललेली असते. पण रुळांलगत राहणाऱ्याला जशी गाडी ऐकू येईनाशी होते, तशी त्यांना ती घूं ऐकू येत नाही.

मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. आणि "दोघांचेही थोडे थोडे खरे आहे" असा गुळमुळीत निवाडा देऊन पानसुपारी वाटण्याचीही माझी इच्छा नाही. माझे म्हणणे असे, की घरातली तार गाण्यात तसूभरही गोडी घालू शकत नाही. घाण मात्र खुशाल घालू शकते. आणि ती घाण ज्या वाटांनी गाण्यात येते, त्यांतल्याच एका वाटेने घरात मरणही येऊ शकते.

आधी तारभक्तांचा समाचार घेऊ. आपल्या घरी वीज येते कशी? तिच्या अनेक वाटांपैकी एक आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळच्या पडघ्याला उतरते. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून चालू आहे. ह्या वाहिनीवर विजेचा दाब पाच लाख व्होल्टचा असतो आणि तिची धाव एकाच दिशेची, म्हणजे डी.सी. असते. चंद्रपूरला तयार होणारी वीज ए.सी., म्हणजे उलटसुलट धावणारी. तिला तिथे एकदिश करतात आणि पडघ्याला पुन्हा उलटसुलट करून पुढे सोडतात. म्हणजे ह्या वाटेने येणाऱ्या विजेचा पडघ्याला चक्क पुनर्जन्म होतो! तिथून उपकेंद्रे, खांबांवरच्या ॲल्युमिनियमच्या तारा, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, जिन्याखालचा मीटर, आणि मग भिंतीतली तुमची वायर. एवढी चारधाम यात्रा करून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये गंगास्नान घालून पावन करण्याचा हा उद्योग आहे.

तारभक्त इथे एक हुशार युक्तिवाद करतात. ते म्हणतात, "तुम्ही चंद्रपूरकडून मोजता म्हणून हा दीड मीटर शेवटचा. ॲम्प्लिफायरच्या बाजूने मोजा, म्हणजे तोच पहिला!" ठीक आहे, ॲम्प्लिफायरच्या आतच जाऊ. आत शिरताच ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवतो, डायोड तिची धाव एका दिशेला वळवतात, आणि मोठाले कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीसारखे ती साठवून संथपणे पुढे सोडतात. स्पीकरला मिळते ती ह्या टाकीतली वीज. टाकी भरलेली असली म्हणजे मोरीतल्या नळाला, वर पाणी चढवणारा पाइप पितळी होता की प्लॅस्टिकचा, ह्याची वार्ताही नसते.

थोडा हिशेब मांडू. शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे त्यात काही नाही. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. मुख्य बोर्डापासून सॉकेट १० मीटर धरा. जाणे-येणे मिळून २० मीटर, म्हणजे पाव ओहमच्या आत. १०० वॅट ओढणारा ॲम्प्लिफायर २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो. गुणाकार केला की वाटेत गळणारा दाब निघतो एका व्होल्टचा सुमारे दहावा भाग. उलट, पुरवठ्याचा दाब सहा टक्के वर-खाली झाला तर तो नियमातच बसतो. म्हणजे २१६ व्होल्टपासून २४४ व्होल्टपर्यंत सारे क्षम्य. जे यंत्र हे अठ्ठावीस व्होल्टांचे हेलकावे निमूट पचवते, त्याला एका व्होल्टाच्या दहाव्या भागाने स्वर्गीय साक्षात्कार होतो, असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. फक्त त्याला शास्त्र म्हणू नये.

"पण आम्हाला ऐकू येते त्याचे काय?" हा त्यांचा शेवटचा बुरूज. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या रसिक मंडळींनी २००४ साली ह्याच बुरुजाची परीक्षा घेतली. हजारो डॉलरच्या वायरी एका बाजूला, आणि यंत्राबरोबर खोक्यात येते तसली साधी वायर दुसऱ्या बाजूला. कोणती जोडली आहे हे ऐकणाऱ्यांपासून लपवले, आणि त्यांना ती कानांनी ओळखावयास सांगितले. १४९ उत्तरांपैकी बरोबर आली ७३. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी ह्याहून वाईट निकाल लागला नसता! हौस मात्र हरत नाही. जपानातले काही रसिक केवळ आपल्या घरासाठी स्वतंत्र विजेचा खांब आणि त्यावर स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर उभारतात, अशी बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने २०१६ साली दिली होती. एका वृद्ध वकिलांना त्यासाठी सुमारे दहा हजार डॉलर पडले. त्या वकिलांना मी फारसा हसणार नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांचा त्रास निदान त्यांनी आपल्या ट्रान्सफॉर्मरपलीकडे ठेवला. आमच्या गल्लीतला भक्त मात्र खांब तोच, भिंत तीच, गंजलेला सांधा तोच, आणि शेवटी एक रेशमी शेपूट, एवढ्यावर मोक्ष मागतो.

तारभक्तांची ही दशा पाहून तारनास्तिकांना गुदगुल्या होत असतील. त्यांनी जरा थांबावे. त्यांचा गुन्हा मला अधिक मोठा वाटतो. कारण त्यांच्या हाती खरे शास्त्र होते, आणि त्यांनी त्याचा उपयोग आळसाला पांघरूण घालण्यासाठी केला.

त्या घूंकडे नीट कान द्या. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते. प्रत्येक फेरीला दोन उसळ्या, म्हणून स्पीकरमधली घूं पुष्कळदा १०० कंपनांची असते. पेटीवर ताडून पाहिलेत, तर खर्जातल्या पांढऱ्या पाचापेक्षा ती किंचित चढी भरेल. आता गवई काळी एकमध्ये गात असला, तर ही घूं नेमकी त्याच्या मंद्र सप्तकातल्या तीव्र मध्यमाच्या आणि पंचमाच्या मधल्या फटीत जाऊन बसते. ना तीव्र मध्यम, ना पंचम! यमनाची आलापी चालली आहे, गवय्याने जन्म घालवून लावलेला तीव्र मध्यम येतो आहे, आणि त्याच्याखाली हा परका स्वर अहोरात्र धरणे धरून बसलेला आहे. ह्याला जो "कानाचे चोचले" म्हणतो, त्याला कान आहेत ते चष्मा अडकवण्यापुरते.

ही घूं आकाशातून पडत नाही. टीव्हीची केबल गल्लीभर फिरून तुमच्या घरात येते. ती तिकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली असते आणि तुमचा ॲम्प्लिफायर इकडे. दोन ठिकाणच्या जमिनींचा विद्युतदाब सारखा नसतो. तो फरक तुमच्या वायरींतून वाहू लागतो, आणि स्पीकर बिचारा इमानाने तो वाजवतो. केबलची पिन उपसली की घूं थांबली, तर चोर सापडला असे समजावे. पंख्याचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट मध्येच कापतो. त्याची किरकिर वेगळी. फ्रिज सुरू होताना "टक्" होते ती वेगळी. आणि ह्या सणाच्या दिवसांत ज्यांच्या घरी मध्यम लहरींचा रेडिओ अजून आहे, त्यांनी खिडकीतली स्वस्त एल.ई.डी. दिव्यांची माळ लावून आणि मालवून पाहावी. रेडिओची खरखर वाढते की नाही ते मुलांना ऐकवावे. तारेतून काहीच येत नाही म्हणणाऱ्यांना ह्याहून सोपे उत्तर नाही.

पण ही सारी मंडळी किरकोळ चोर. खरा दरोडेखोर दुसराच आहे, आणि त्याच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला.

तुमच्या घरातले एखादे सॉकेट पाहा. खाली दोन बारीक भोके, वर एक मोठे. वीज येण्या-जाण्याला खालची दोन पुरतात. मग तिसरे कशासाठी? यंत्राच्या आत एखादी तार सुटून धातूच्या अंगाला लागली, तर ती वीज तुमच्या देहातून न जाता सरळ जमिनीत जावी, म्हणून. त्या भोकामागे हिरवी तार असते, ती इमारतीच्या पायथ्याशी पुरलेल्या पाइपाला किंवा पट्टीला जाऊन मिळते. तिला अर्थिंग म्हणतात, पण आमचा वायरमन आटोपशीर बोलतो, "साहेब, तुमच्या बोर्डाला अर्थच नाही!" इतके अचूक मराठी वाक्य मी पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते. लाखो रुपयांची घरे, संगमरवरी ओटे, छताला नक्षी, आणि घराला अर्थ नाही!

हा अर्थ तीन तऱ्हांनी नाहीसा केला जातो. पहिली तऱ्हा म्हणजे भोक आहे, मागे तार नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे तार आहे, पण खालचा पाइप गंजून गेलेला, किंवा त्याच्याशी असलेला सांधाच सुटलेला. तिसरी तऱ्हा सर्वांत भयंकर. घाईतला वायरमन बोर्डाच्या आतच न्यूट्रलची तार वाकवून अर्थच्या खिळ्याला जोडून टाकतो. दिसावयास तीनही भोके जिवंत! पण उद्या ती न्यूट्रल वाटेत कुठे तुटली, की फ्रिजचे दार, वॉशिंग मशीनचे अंग आणि तुमच्या लाडक्या ॲम्प्लिफायरचा पत्रा, सारे एकदम २३० व्होल्टांवर जाऊन बसतात. ही वायरिंग नव्हे; हा लावून ठेवलेला सापळा आहे.

मी राहतो त्या इमारतीतली गोष्ट सांगतो. माझ्या घरातल्या आठ सॉकेटांपैकी पाचांच्या मागे हिरवी तार नुसती गुंडाळी करून कोंबलेली निघाली. बांधणाऱ्याचे नाव मी घेत नाही. तो काही एकटा नाही. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत, आणि हात लावताच घूंचा आवाज बदले. आजच्या बहुतेक यंत्रांत गडबड गाळण्यासाठी बसवलेले बारीक कपॅसिटर थोडी वीज अंगावर सोडतात. तिने अर्थच्या तारेने निघून जावे अशी योजना असते. वाट बंद असली की ती तिथेच घुटमळते, आणि गाण्याच्या तारांत शिरते. मी माहितगार माणूस बोलावून खालच्या खड्ड्यापासून वरपर्यंत अर्थिंग करून घेतले, सांधे आवळून घेतले, आणि गाण्याची सारी यंत्रे एका बोर्डावर आणली. मुंग्या गेल्या, घूं गेली. खर्च त्या वीस हजारी शेपटाच्या चौथाईतला. गाणे गोड झाले काय? मुळीच नाही. गाणे जसे होते तसे ऐकू आले. ह्याहून अधिक काही वायरीने देऊ नये, आणि आपण तिच्याकडे मागू नये.

उल्हासकाठच्या माणसाने तर ही गोष्ट अधिकच मनावर घ्यावी. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ ह्या तारखा बदलापूरकराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पाणी ओसरते, भिंतीला नवा रंग बसतो, दिवाळीत तोरण लागते. पण तळमजल्यावरच्या ज्या पेट्यांत पाणी शिरले, त्यांतल्या तांब्याच्या सांध्यांवर चढलेला हिरवा गंज रंगाखाली झाकत नाही. तो सांधा आधी स्पीकरमध्ये कर्र् करतो, मग तापतो, मग काय करतो ते अग्निशामक दलाला विचारावे.

आता दोन्ही तटांचा मिळून एक गुन्हा सांगतो. ह्या एकाच बाबतीत त्यांचे एकमत आहे. घूं थांबत नाही असे दिसले, की तारभक्त आणि नास्तिक दोघेही एकच युक्ती करतात. प्लगची वरची जाड पिन कापून टाकतात, किंवा दोन पिनांचा जोड लावून तिला बगल देतात. घूं पुष्कळदा थांबतेही. थांबणारच! घरात चोर शिरला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला गोळी घातली, तर भुंकणे थांबतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांचे आकडे पाहा. विजेच्या धक्क्याने ह्या देशात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. ती सगळी घरांतच मरतात असे नाही, आणि गाणे ऐकताना तर क्वचितच कोणी मरत असेल. पण जी घरात जातात, त्यांच्यातल्या कित्येकांना ते तिसरे भोक खरे असते तर दिवाळी दिसली असती.

कोणी म्हणेल, हा विषय वायरमनचा. रसिकाने त्यात का नाक खुपसावे? अहो, रसिकाचाच हा विषय आहे! फ्रिज आणि मिक्सर मुके आहेत. आपल्याला अर्थ नाही हे ते सांगू शकत नाहीत. सांगतो तो स्पीकर. घूं हा घराचा खोकला आहे, आणि तो सर्वांत आधी गाणे ऐकणाऱ्याच्या कानी पडतो. भक्त त्या खोकल्यावर वीस हजारांचे अत्तर शिंपडतो; नास्तिक म्हणतो, खोकला हा मनाचा भ्रम आहे. वैद्याला मात्र दोघेही बोलावीत नाहीत.

तेव्हा ह्या सुट्टीत दोन गोष्टी करा. पहिली गंमतीची. घरात महागडी वायर असेलच, तर ती आणि साधी वायर पडद्याआड ठेवा. भाचरांपैकी एकाने प्रत्येक वेळी नाणे उडवून छाप-काट्याप्रमाणे वायर निवडावी. यंत्र बंद करूनच ती बदलावी. आणि काका-मामांनी डोळ्यांनी न बघता कोणती आहे ते दहा वेळा कागदावर लिहावे. दहापैकी नऊ वेळा ज्याचे बरोबर येईल, त्याच्यापुढे मी माझा हा लेख चकलीबरोबर चावून खाईन.

दुसरी गोष्ट गंमतीची नाही. परवानाधारक वायरमनला बोलवा; टेस्टर घेऊन स्वतः भिंतीत हात घालू नका. त्याला सांगा, "प्रत्येक तिसरे भोक खरे आहे की खोटे ते मोजून दाखव. न्यूट्रल अर्थला जोडली असेल तर सोडव. सांधे आवळ. गाण्याची लाइन फ्रिजच्या लाइनपासून वेगळी काढ. आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसव." नुसत्या एम.सी.बी.वर विसंबू नका. ती वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. आर.सी.सी.बी.वर एक छोटे बटण असते; महिन्यातून एकदा ते दाबून ती पडते की नाही, हे घरच्या मंडळींनी पाहावे.

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा ओवाळणीच्या तबकात साडीचे पैसे टाकाच. पण दिवाळीच्या गडबडीनंतरच्या एखाद्या रविवारचा दिवस ठरवून, त्याच वायरमनला तिच्याही घरी धाडण्याचे वचन द्या. साडी दोन वर्षांत विटेल. घराला अर्थ आला, तर तो पोराबाळांना पुरेल. आणि त्या घरात रात्री लागणाऱ्या यमनाच्या तीव्र मध्यमाखाली दुसरा कोणीही बोलणार नाही.